डिफरन्शियलमधले ग्रीस

फौजेतले ट्रेनिंग संपले आणि माझे पोस्टिंग डोंगराळ भागातल्या एका युनिटच्या वर्कशॉपमध्ये झाले. ट्रेड व्हेइकल मेकॅनिक. साडेपाचला पीटी, आठला गाड्यांची परेड, मग दिवसभर पाने आणि ऑइल. आपल्याकडची बोली बोलणारा तिथे एकच माणूस होता. नाईक सोपान वाघमोडे, ड्रायव्हर. खुलताबादजवळच्या वस्तीवरचा, मेंढपाळाच्या घरातला. मी शहरात, गुलमंडीच्या बाजारपेठेत वाढलो, म्हणून तो मला ‘शेठ’ म्हणायचा.

युनिटची सर्वांत जुनी जीप त्याच्याकडे होती. एका सोमवारी परेडला त्याने डिफेक्ट सांगितला.

“शेठ, मागून घुमतंय. ओढ दिली की भुंगा शिरल्यावानी. पाय काढला की गप.”

“कान साफ केलेस का?”

“दोनशे मेंढरांत एक खोकलं तरी मला कळायचं. बस, दावतो तुला.”

मी शेजारी बसलो. त्याचे बरोबर होते.

मागच्या दोन चाकांच्या मधोमध लोखंडी गोळा दिसतो, तो डिफरन्शियल. इंजिनाची ताकद तिथे वळते आणि चाकांना मिळते. आतले बेअरिंग झिजले की गाडी घुमू लागते. उपाय एकच. उघडायचे, बेअरिंग बदलायचे, दाते जुळवायचे. डेपोतून बेअरिंग यायला दोन आठवडे लागणार होते. तोवर गाडी ऑफ रोड, म्हणजे न चालवता उभी ठेवायची.

पण गुरुवारी इन्स्पेक्शन होते. वर्कशॉपच्या हवालदाराला सगळ्या गाड्या लाइनमध्ये हव्या होत्या.

“आवाज़ बंद कर,” तो म्हणाला.

“उस्ताद, बेअरिंग गया है.”

“मैंने बेअरिंग पूछा? आवाज़ बंद कर.”

युक्ती वर्कशॉपमध्ये सगळ्यांना ठाऊक होती. पातळ ऑइल काढायचे आणि जाड ग्रीस ठासून भरायचे. आवाज दबतो. पण ग्रीस वाहत नाही, बेअरिंग कोरडे पडते. हे मला शिकवलेले होते. तरी मी भरले. लॉगबुकात ‘रिपेअर्ड’ लिहिले आणि सही केली.

सोपान एक चक्कर मारून आला.

“लई भारी, शेठ! काय केलं रं?”

“बेअरिंग बसवलं,” मी म्हणालो.

त्याने विश्वास ठेवला. का ठेवू नये?

इन्स्पेक्शन झाले. शाबासकी मिळाली. शुक्रवारी १०.४० ला सोपान डाक घेऊन खालच्या चौकीकडे निघाला. ११.२५ ला रेडिओ वाजला.

“वर्कशॉप, व्हेइकल खाई में. ओव्हर.”

“ड्रायव्हर? ओव्हर.”



“ड्रायव्हर नो मोअर. ओव्हर.”

आम्ही दोर घेऊन उतरलो. रस्त्यावर वळणाआधी टायरचे दोन काळे पट्टे होते. मी जीपखाली गेलो आणि मागचा शाफ्ट हाताने फिरवून पाहिला. तो हलला नाही. गोळा उघडला, तर बेअरिंग जळून निळे पडले होते. उतारावर मागची चाके जाम झाली होती.

पहिल्या रिपोर्टात ‘ओव्हरस्पीड’ आले. काळे पट्टे पाहून कुणीतरी लिहिले. तोच शब्द त्याच्या घरी पोचला.

तिसऱ्या दिवशी कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसली. हवालदार आदल्या दिवशी मला म्हणाला होता, “जाने वाला गया. तू चुप रह.” मेलेल्या माणसाला उत्तर देता येत नाही, म्हणून दोष त्याच्याच अंगावर टाकायचा, ही रीत मी फौजेत पाहिली आणि बाहेरही पाहतो. मी उभा राहिलो. ग्रीस मी भरले, खोटे मी लिहिले, हुकूम कुणाचा होता तेही सांगितले. दोघांनाही शिक्षा झाली. ती योग्यच होती. फाइलवर ‘ड्रायव्हर दोषी नाही’ अशी नोंद आली.

आता शहरात माझे छोटे गॅरेज आहे. जुन्या गाड्यांवाले येतात. “भाऊ, आवाज तेवढा घालवा, गाडी विकायचीय.” कुणी सुचवतो, जाड ऑइल टाका, लाकडाचा भुसा टाका. मी सांगतो, उघडू देणार असाल तर ठेवा, नाहीतर घेऊन जा. बरेच जण घेऊन जातात. ज्यांना कारण हवे असते, त्यांना मी सोपानचे नाव सांगतो.

ते कारण इन्क्वायरीबाहेर मी सर्वांत आधी त्याच्या वडिलांना सांगितले. इन्क्वायरीनंतरच्या पहिल्याच रजेत वस्तीवर गेलो. म्हातारा मेंढरांना पाला टाकत होता. त्याने सगळे ऐकून घेतले.

“मंग पोरगं जोरात नव्हतं चालवत?”

“नाय, बाबा.”

“आन् ते तू भरलं?”

“व्हय.”

त्याने हातातला पाला खाली ठेवला.

“वस्तीत समदे म्हनत्यात, मस्तीत गेला. मला एकट्याला सांगून काय करू? समद्यांम्होरं सांग.”

त्याने घराघरात निरोप धाडला. पंधरा-वीस माणसे जमली. मी सावधानमध्ये उभा राहिलो आणि मोठ्याने सांगितले, “नाईक सोपान वाघमोडे गाडी हळू चालवत होते. गाडीतला बिघाड त्यांनी वेळेवर कळवला होता. मी तो दुरुस्त केला नाही, आणि केला म्हणून त्यांना सांगितलं.”

म्हाताऱ्याने माझ्याकडे पाहिले नाही. तो जमलेल्यांचे चेहरे पाहत होता, एकेक करून.