नियमांच्या कागदात राहिलेली फट

"पंत, तुमचा त्यो क्लबातला मार्कर, हबीब... वारला म्हनं. तापानं गेला." नगरहून यंत्राचे सुटे भाग घेऊन आलेला ट्रकवाला टाइम ऑफिसच्या खिडकीशी उभा राहून म्हणाला आणि पावती पुढे केली. मी सही केली, खाली तारीखही घातली, आणि ट्रक फाटकाबाहेर पडल्यावर दौत उचलून भिंतीवर फेकून मारली. हेडक्लार्कनं विचारलं तेव्हा हातातून निसटली म्हणून सांगितलं. खोटं सांगणं मला जमतं. ते कुणापायी जमायला लागलं हे सांगायलाच आज, हबीबभाईला जाऊन दीड महिना झाल्यावर, लिहायला बसलो आहे.

कोपरगावकडच्या आमच्या साखर कारखान्यात हबीबभाई आला तेव्हा युद्ध चालू होतं. साहेबलोकांच्या क्लबात पूलचं, म्हणजे काठीनं चेंडू भोकात घालायच्या खेळाचं, टेबल होतं आणि ते सांभाळायला, चुका पुकारायला, हिशेब पाटीवर मांडायला मार्कर हवा होता. हबीबभाई त्याआधी नगरच्या कँपात गोऱ्या शिपायांच्या कँटीनमध्ये तेच काम करायचा. तिथं एका शिपायानं लबाडीनं चेंडू सरकवला, यानं चूक पुकारली, शिपाई हसला, तर यानं खेळायच्या काठीच्या जाड टोकानं त्याचे दात पाडले. पंधरा दिवस कोठडी आणि नोकरी गेली. हे तो अगदी शांतपणे सांगायचा. "दोन पाडले, पंत. तिसरा हलत हुता, त्यो सोडला." पश्चात्ताप औषधालाही नव्हता. मला हा माणूस पहिल्याच दिवशी आवडला. मी स्वतः कुणाच्या अंगावर कधी साधा ओरडलोही नव्हतो, त्यामुळे असेल.

आमच्याकडे खेळला जायचा तो पूल सोपा होता. प्रत्येकाचा एका रंगाचा चेंडू आणि पाटीवर त्याच्या नावापुढे खडूच्या तीन रेघा, म्हणजे तीन जीव. तुमचा चेंडू दुसऱ्यानं भोकात घातला की एक रेघ पुसायची, तुम्ही काही चूक केलीत तरी एक पुसायची. तिन्ही पुसल्या की बाहेर. गळीत हंगाम संपला की स्पर्धा व्हायची, आणि त्या वर्षी तिचे नियम मराठीत लिहून भिंतीवर लावायचं काम माझ्याकडे आलं. जुन्या इंग्रजी नियमांत शेवटी एक ओळ होती, मार्करचा शब्द अखेरचा. ती वाचून साहेबलोक चिडले. नोकराचा शब्द अखेरचा कसा? कारखान्यात सगळं हुद्द्यावर चालायचं, क्लबात खुर्चीवर कोण कुठं बसतो तेसुद्धा. मी ती ओळ काढली आणि वळणदार अक्षरात लिहिलं, 'वाद झाल्यास हजर असलेल्यांपैकी वरिष्ठ सभासद निर्णय देतील.' हबीबभाईनं कागद माझ्याकडून वाचून घेतला आणि विचारलं, "आन् वरिष्ठच खेळत आसला तर?" मी म्हटलं, असं कसं होईल... सज्जन माणसं आहेत.

सज्जन माणसांत वरिष्ठ होते आमचे मोठे इंजिनिअर. त्यांचं नाव लिहीत नाही, त्यांची मुलंबाळं आहेत. पहिल्याच फेरीत त्यांनी माझ्या कागदाची चाळण केली. फटका मारताना एक पाय जमिनीवर हवा असा नियम होता, तर यांनी एक पाय टेबलावर चढवला, दुसरा स्टुलावर ठेवला आणि म्हणाले, स्टूल जमिनीवरच आहे. भोकाच्या तोंडाशी थांबलेल्या चेंडूवर फुंकर मारली, कारण फुंकरीबद्दल अवाक्षर नव्हतं. हबीबभाई दर वेळी चूक पुकारायचा, आणि दर वेळी वरिष्ठ सभासद या नात्यानं इंजिनिअरसाहेब आपल्याच बाजूनं निकाल द्यायचे. बाकीचे हसायचे. मीही हसलो आहे, हे लपवत नाही.

शेवटचा सामना रविवारी दुपारी झाला. समोर केमिस्ट साने, गरीब स्वभावाचा पण हात सोन्याचा. दोघांचा एकेक जीव उरला होता. साहेब टेबलावर वाकले आणि त्यांच्या पोटाच्या धक्क्यानं सान्यांचा चेंडू बोटभर सरकला. "चूक," हबीबभाई म्हणाला. साहेबांनी मला कागद घेऊन बोलावलं. "वाचा, पंत." मी वाचलं, 'चेंडूस हात लावू नये.' "पोट लिहिलंय?" मी म्हटलं, नाही साहेब. तेवढ्यात हबीबभाईनं पाटीवरची त्यांची शेवटची रेघ बोटानं पुसून टाकली. साहेब म्हणाले, परत काढ. "न्हाई. पुसली ती पुसली. मी डोळ्यानं बघितलंय, सायेब, कागदानं न्हाई." तो पाटीकडून वळला आणि त्यानं टेबलाच्या लाकडी कडेवर उजवा हात टेकला. साहेबांनी काठी उलटी धरली आणि जाड टोक त्या हातावर घातलं. एकदा नाही, तीनदा. दुसऱ्या फटक्याला हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. हबीबभाई खाली बसला, हिरव्या कापडावर रक्त सांडलं, आणि साहेब धापा टाकत माझ्याकडे वळले. "मार्करला मारू नये असं लिहिलंय कुठं? वाचा."

मी खरोखर कागदाकडे पाहिलं. तो माणूस पायाशी कळवळत असताना मी वरून खालपर्यंत नियम वाचले आणि म्हटलं, "नाही, साहेब."

त्यानंतर साने पिसाळले. त्यांनी चेंडू उचलून साहेबांच्या कपाळावर मारला, भुवई फाटली, दोघं एकमेकांच्या नरड्याला धरून खुर्च्यांवर कोसळले, सोड्याच्या बाटल्या फुटल्या आणि दोघांना सोडवणाऱ्यांनीही हात धुऊन घेतले. मी कागद छातीशी धरून भिंतीला टेकलो होतो. आठवड्यात साने नोकरीतून गेले. चषक साहेबांना मिळाला. काठी निसटून मार्करला इजा झाली असा जबाब तयार झाला, तोही माझ्याच अक्षरात, आणि हबीबभाईनं त्यावर डाव्या हाताचा अंगठा उठवला. त्याची तीन बोटं वाकडीच जुळली. त्या साहेबाचं डोकं तेव्हा फोडायला हवं होतं असं मला आजही वाटतं... पण फोडणारा मी नव्हतो.

गोरे शिपाई गेल्यावर कँटीनचं एक टेबल हबीबभाईच्या हाती आलं आणि त्यानं नगरात भाड्याच्या खोलीत ते मांडलं. टांगेवाले, शिंपी, ट्रकवाले खेळायला यायचे. कोर्टाच्या कामाला नगरला गेलो की मी तिथं जायचो. तो माझ्यासाठी चहा मागवायचा, बायकोमुलांची चौकशी करायचा. त्या दुपारबद्दल तो एका शब्दानं बोलला नाही आणि मीही नाही. त्यानं एकदा मला शिवी द्यावी, थोबाडीत मारावी, एवढंच मला हवं होतं. त्यानं बिस्किटं मागवली. त्याच्या खोलीत भिंतीवर नियम नव्हते. वाद झाला की जो खेळत नसेल अशा कुणाला तरी तो विचारायचा, "तू काय बघितलंस?" तो सांगेल ते अखेरचं. अगदी नळावर पाणी भरायला आलेल्या म्हाताऱ्यालाही विचारलेलं मी पाहिलं आहे. मला मात्र कधी विचारलं नाही. पाहुणा म्हणून असेल, अशी मी समजूत करून घेतली होती.

परवा त्याच्या घरी भेटून मी त्या खोलीत गेलो. आता त्याचा मेहुणा रशीद टेबल बघतो. मी बसलो असतानाच एक ट्रकवाला आणि एक शिंपी एकमेकांच्या कॉलरला भिडले. शिंप्याच्या बाहीनं चेंडू हलला की नाही, यावरून. कुणीतरी म्हणालं, पंत बसल्यात की, शिकलेले हायत, त्यांना विचारा. रशीद मनात काही न ठेवता म्हणाला, "पंतांना नको. भाईंनी सांगून ठेवलंय." मी विचारलं, काय सांगून ठेवलंय? तो ओशाळला. "काही न्हाई, पंत. ते म्हनायचे, पंत मानूस चांगला, पन त्याला विचारलं की त्यो कागद मागतो."

मग त्यानं दारातल्या पानवाल्याला हाक मारली आणि तोच प्रश्न विचारला. पानवाल्याचं लक्ष नव्हतं, त्यानं अंदाजानं बाही लागली नाही म्हणून सांगितलं, आणि ट्रकवाल्यानं ते मान्यही केलं. बाही लागली होती. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. मी चहा संपवला आणि उठलो.