धोप्याची बादली आणि चिंचेचा कोळ

आमच्या घरात कुत्रा आला तो माझी एक अट मान्य करून. नागपूरबाहेर वाडी भागातल्या एका गोदामासमोर, उभ्या ट्रकच्या चाकाशी बायकोला हे तपकिरी पिल्लू सापडलं आणि पदराखाली झाकून तिने ते ऑटोने घरी आणलं. मी दारातच सांगितलं, कुत्रा राहील, पण घरात कोणती झाडं ठेवायची ते मी ठरवीन. मी ज्युनिअर कॉलेजात तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलेला माणूस. कोणत्या पानात काय असतं ते मला ठाऊक, आणि पिल्लं दिसेल ते चावतात हेही ठाऊक.

दुसऱ्याच दिवशी घराची झडती घेतली. कपाटावरून लोंबणारा मनीप्लांट, कोपऱ्यातला, चावला तर तोंड सुजवणारा डम्बकेन, खिडकीतली कोरफड, सगळं शेजारीपाजारी वाटून टाकलं. ज्यांच्याकडे मांजर होतं त्यांना काहीच दिलं नाही, उलट ऐकवलं की लिलीची फुलं घरात आणायची नाहीत, नुसते परागकण अंगावरून चाटले तरी मांजर जातं. मग नर्सरीत गेलो. नर्सरीवाल्याने तुकतुकीत पानांचं एक झाड पुढे केलं. "साब, झीझी प्लांट ले जाओ. पानी मत दो, धूप मत दो, मरताच नहीं." म्हटलं, "झाड नहीं मरता, पर कुत्ते का क्या?" तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. शेवटी अरेका पाम, स्पायडर प्लांट, बोस्टन फर्न आणि पट्ट्यापट्ट्यांच्या पानांचा कॅलेथिया अशी चार झाडं घेऊन आलो. चारही निर्धोक. येणाऱ्याजाणाऱ्याला मी ती दाखवत असे आणि प्रत्येकाला पंधरा मिनिटांचं व्याख्यान देत असे. बायको आतून म्हणायची, "झाला वाटते यांचा तास सुरू."

मग मे महिना आला. मे महिन्यात नागपुरात माणसं आणि कुंड्या एकाच कूलरच्या आश्रयाला येतात. आमच्या बाल्कनीत कडी तुटलेल्या बादलीत बायकोचा धोपा होता. धोपा म्हणजे अळू, वड्यांचा. एका सकाळी ती म्हणाली, "अवो, धोपा जळून राहिला ना बाहेर. आत घ्या त्याले." मी बादली उचलली आणि हॉलमध्ये कूलरसमोर नेऊन ठेवली. शेजारच्या फरशीवर कुत्रा पोट टेकवून पडला होता. त्याने शेपटी हलवली.

हे लिहिताना अजून माझे कान तापतात. डम्बकेनला घरातून हाकलणारा मी, आणि अळू त्याच्याच कुळातलं. वर्गात सूक्ष्मदर्शकाखाली सुयांसारखे स्फटिक दाखवायला मी दरवर्षी अळूचाच देठ न्यायचो. मुलांना विचारायचो, अळू खाजतं का? पण घरी मात्र अळू माझ्या झाडांच्या यादीत नव्हतंच. ते भाजीच्या यादीत होतं, आणि ती यादी मी कधी तपासली नव्हती.

तिसऱ्या दिवशी दुपारी कूलरच्या गारव्यात माझा डोळा लागला होता. फरशीवर नखं घासल्याच्या आवाजाने जागा झालो. कुत्रा पुढच्या दोन्ही पंजांनी स्वतःचं तोंड ओरबाडत होता. लाळेच्या तारा लोंबत होत्या, आणि बादलीजवळ अर्धा चावलेला देठ पडला होता. मी घाबरलो, पण क्षणभरच. मला सगळं आठवलं ना! स्फटिक, आणि त्यावर उतारा आंबट. आपल्याकडे अळूत चिंच घालतात ती उगाच का?

स्वयंपाकघरात संध्याकाळच्या वड्यांसाठी बायकोने चिंच भिजत घातली होती. मी तिचा दाट कोळ काढला. कुत्र्याला मांडीत दाबून धरलं, बोटांनी जबडा उघडला आणि चमच्याने पाजायला लागलो. तो मान फिरवत होता, कोळ नाकातून बाहेर येत होता. मी जबडा पुन्हा उघडत होतो. वाटीभर कोळ पाजला.

बायको दारात उभी होती. "त्याले दवाखान्यात नेऊ ना. काहून वाट पाहून राहिले तुम्ही?"

"तू गप राय वं," मी म्हणालो. "हे माझ्या विषयातलं आहे."

तासाभराने लाळ थांबली. तो कूलरसमोर जाऊन झोपला. मला केवढा आनंद झाला! संध्याकाळी वड्या झाल्या, त्याच चिंचेच्या. मी सहा खाल्ल्या आणि खाताखाता बायकोला सांगितलं की शास्त्र आणि स्वयंपाक ह्यांत फारसा फरक नसतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने दोनदा उलटी केली. मी म्हणालो, उन्हाने. दिवसभर पाण्याला तोंड लावलं नाही. मी म्हणालो, घसा दुखत असेल. बायको त्याच्याजवळ बसून राहिली. तिसऱ्या दिवशी सकाळी ती म्हणाली, "कालपासून यानं मुतलं नाही," आणि चपला घालून त्याला उचलून जिना उतरायला लागली. मी मागोमाग गेलो.

डॉक्टरीण तरुण होती. तिने डोळ्यांची पापणी ओढून पाहिली, पोट दाबलं, रक्त काढलं. "काकाजी, काय खाल्लं होतं यानं?"

मी धोप्याचं सांगितलं. ती लिहीत राहिली. मग मी चिंचेचं सांगितलं, आणि खोटं कशाला बोलू, थोडं ऐटीतच सांगितलं.

तिचं पेन थांबलं. "चिंच? किती?"

"वाटीभर. कोळ."

"वाटीभर?" तिने बायकोकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "काकाजी, धोप्यानं त्याचं तोंड जळलं असतं, दोन दिवसांत तो आपोआप बरा झाला असता. पण चिंच कुत्र्याला द्यायचीच नसते. द्राक्षं जशी कुत्र्याला विषारी, तसंच आहे ते. सगळ्यांना नाही बाधत, पण ज्याला बाधते त्याची किडनी जाते."

मला ते वाक्य कळलंच नाही. मी तिला पुन्हा विचारलं. तिने पुन्हा तेच सांगितलं, जरा सावकाश, वर्गातल्या मठ्ठ पोराला सांगावं तसं. म्हणजे झाडाने काहीच केलं नव्हतं. जे केलं ते मी केलं होतं, मांडीत दाबून, जबडा उघडून, चमच्याने मोजून. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, ही म्हण मी इतरांना किती वेळा ऐकवली असेल!

रक्ताचा रिपोर्ट वाईट आला. पायाला सुई लावून सलाईन सुरू झालं. डॉक्टरीण म्हणाली, लघवी सुरू झाली तर वाचेल, नाही झाली तर सांगता येत नाही. मी आणि बायको त्याच्या पिंजऱ्यासमोर बाकावर बसून त्याच्या मागच्या पायांकडे पाहत होतो. मला वाटलं होतं ती भांडेल. भांडली असती तर बरं झालं असतं. ती एकदाच बोलली. "मी म्हणलं होतं ना, दवाखान्यात नेऊ."

तिसऱ्या दिवशी दुपारी तो धडपडत उठला आणि उभ्या उभ्या मुतला. फरशीवरून ओघळ माझ्या चपलेपर्यंत आला आणि मी पाय मागे घेतला नाही. बायको रडायला लागली. मीही लागलो, चारचौघांत, लाज न बाळगता.

दोन दिवसांनी त्याला घरी सोडलं. किडन्यांना थोडा धक्का राहील, पथ्य पाळावं लागेल, असं सांगितलं. सोबत एक पांढरं पातळ औषध दिलं, बिनसुईच्या सिरिंजने दिवसातून दोनदा तोंडात सोडायचं. बायकोने घरात पाऊल टाकताच धोप्याची बादली खालच्या आवारात नेऊन ओतली आणि चिंचेची बरणी माळ्यावर टाकली. कॅलेथिया, फर्न, पाम जिथल्या तिथे होते, हिरवेगार.

संध्याकाळी तिने सिरिंज भरून माझ्यापुढे धरली. "माझ्याच्यानं होत नाही. तुम्ही पाजा."

"मी नाही."

"तुम्हीच पाजा."

मी फरशीवर बसलो. तो कूलरसमोर पडला होता, पायावर पट्टी. मला खात्री होती की माझा हात जवळ येताच तो गुरगुरेल, चावेल, निदान उठून पलंगाखाली जाईल. चावला तर हात मागे घ्यायचा नाही, असं मी ठरवूनच बसलो होतो. मी हात पुढे केला. जबड्याला माझं बोटही लागलं नव्हतं, तोच त्याने मान वर केली आणि स्वतःहून तोंड उघडलं. माझा हात आला की तोंड उघडायचं, एवढं त्याने त्या दुपारी शिकून घेतलं होतं. शिकवलं मीच होतं. मी सिरिंज धरून तसाच बसून राहिलो, आणि तो तोंड उघडं ठेवून वाट पाहत होता.