भीमनगरची झाडं आणि मी नोंदवलेलं नाव

मित्रांनो, आज सकाळपासून मान वर होईना.

नायगावजवळच्या एका गावात भीमनगरच्या बायांनी ओढ्याकाठी कडुलिंब लावले, जगवले. मी त्या झाडांची नोंद ब्लॉकचेन या डिजिटल वहीत केली. आज ती त्यांना मोबाईलवर दाखवत ऐटीत म्हणालो, "आता हे कुणालाच पुसता येत न्हाई!"

त्यांच्यातल्या शोभाताईंनी वाचता वाचता वस्तीच्या नावावर बोट ठेवलं. ते मी जुन्या नकाशावरून उचललं होतं. जातीवरून पडलेलं.

"सर, ते नाव पुसायला आमचा आजा लई भांडला. तुम्ही न पुसणाऱ्या जागी लिवून आलाव की."

आता दुरुस्ती जोडता येईल, पण जुनी नोंद तशीच राहणार.

वस्तीच्या तोंडाशी निळी कमान आहे. त्यावर ठळक अक्षरांत 'भीमनगर' लिहिलंय. मी रोज तिच्याखालूनच जायचो. सांगा, काय बघत होतो मी?