पांढऱ्या गाडीतला मोगरा

गाडीत टांगलेल्या मोगऱ्याच्या सेंटचा वास आला की मला वाटूर फाटा आठवतो. कॉलेजात आम्हाला एक जुनी अमेरिकन कादंबरी अभ्यासाला होती. सर सांगत होते, "रोजच्या पार्ट्या, रेशमी शर्ट, पिवळी गाडी, ही सगळी श्रीमंतीची प्रतीकं. लिहून घ्या." मी उठून म्हणालो, "सर, ती गाडी एका बाईला चिरडते अन् थांबत न्हाई. ते कशाचं प्रतीक?" सरांनी पुस्तक मिटलं, कारण आठवड्यापूर्वी आमच्या वस्तीतली एक मावशी कापूस वेचून येताना तशीच मेली होती. संस्थाचालकाची पांढरी गाडी सगळ्यांनी पाहिली होती, पण पोलिसांच्या कागदावर आलं 'अज्ञात वाहन'. आमची माणसं मेली की वाहन अज्ञातच असतं. त्याच संध्याकाळी मी फाट्यावर जीपची वाट बघत होतो, तर तीच गाडी पुढ्यात थांबली. तिचा एक दिवा नवाकोरा, दुसरा पिवळट. "बस, घरी सोडतो," संस्थाचालक म्हणाले. कॉलेज त्यांचंच, बसलो. आत गारठा, मोगरा, आणि खटकन लागलेलं दाराचं लॉक. आमच्या गावाचं वळण मागे गेलं तरी गाडी थांबेना. "काय रे पोरा, तुझ्या पुस्तकात गाडी चालवणाऱ्याला धरतात का?" "न्हाई. चालवणारा सुटतो. भलताच मरतो." ते मनापासून हसले. "मंग बराबर लिहिलंय की. उतर." अंधारात चालत घरी आलो. आता वस्तीतलं कुणी असं मेलं की निषेधाची पत्रकं मीच लिहितो. 'अज्ञात' खोडून गाडीचा रंग लिहितो, आणि लिहायला बसण्याआधी दाराची कडी दोनदा बघतो.