ढिला पट्टा

बाळांनो, अपघात नेमका कसा झाला ते मी तुम्हाला सांगितलं नव्हतं. ट्रकवरच्या लाद्या पडल्या, एवढंच कळवलं. पण ताई, काल तू फोनवर कौतुकाने म्हणालीस, "आजी, लाकडाच्या ट्रकशेजारी गाडी नेली आणि ड्रायव्हरला खूण करून सांगितलं, दोर सुटलाय. अगदी आजोबांसारखं!" तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. म्हणून हे लिहिते आहे.

आजोबांच्या सरकारी कारखान्यातून अवजड यंत्रं बाहेर जायची. ट्रकवरची बांधणी त्यांनी हाताने ओढून पाहिल्याशिवाय गेट उघडत नसे. निवृत्तीनंतर गेट सुटलं, नजर सुटली नाही. आमच्या सर्जापूर रोडवर जिकडेतिकडे इमारती उठताहेत, त्यामुळे सळयांचा नाहीतर ग्रॅनाइटचा ट्रक पुढे चाललेला असायचाच. हे गाडी चालवता चालवता पुटपुटायचे, "साखळी तिरकी आहे." कधी शेजारी गाडी नेऊन ड्रायव्हरला खूणही करायचे. मी म्हणायची, "तुम्ही रिटायर झालात हे या ट्रकवाल्यांना कुणी कळवलंय का?"

त्या सकाळी आम्ही मारतहळ्ळीला बारशाला निघालो होतो. पुढच्या ट्रकवर ग्रॅनाइटच्या मोठ्या लाद्या उभ्या टेकवलेल्या होत्या आणि एक पट्टा सुटून फडफडत होता.

"त्याला सांगायला हवं."

"हॉर्न द्या आणि मागेच राहा हो."

"हॉर्नने त्याला काय कळणार? काच खाली कर."

त्यांनी गाडी ट्रकच्या उजवीकडे नेली. ड्रायव्हर माझ्या बाजूला, उंचावर. आजोबा माझ्या अंगावरून वाकून ओरडले, "अण्णा, बेल्ट लूज! स्वल्प निल्लिसि!" कन्नडमध्ये, जरा थांबव म्हणून.

त्याने ऐकलं. हेच मला सहन होत नाही. "सरी, सार," म्हणजे बरं साहेब, म्हणत त्याने हात केला आणि ट्रक कडेला घ्यायला लागला. त्याला नीट समजावता यावं म्हणून आजोबांनीही गाडी हळू केली. ट्रकचं चाक खड्ड्यात आपटलं, ट्रक हेलकावला आणि लाद्या आमच्याकडे कलंडल्या. गाडीचं छप्पर आत आलं. हे अजून माझ्याकडे वाकलेलेच होते. माझ्या डोक्यावर यायचं ते त्यांच्या डोक्यावर आलं.

आता ते बोलत नाहीत. मला ओळखत नाहीत. डॉक्टर "बघू" म्हणतात आणि मी त्या एका शब्दावर दिवस ढकलते.

ताई, बांधणी ढिली दिसली तर मागे पड, आणखी मागे पड. गाडी सुरक्षित जागी थांबवून पोलिसांना फोन कर. पण ट्रकच्या शेजारी जाऊ नकोस. तू सांगशील, तो बिचारा ऐकेल, आणि नेमका तेव्हाच तो भार हलेल. धाकट्यालाही हे वाचून दाखव. आजोबांचं बाकी सगळं घ्या, एवढं घेऊ नका. मी तुमच्यापुढे हात जोडते. मला पुन्हा असा फोन ऐकवणार नाही.

ते पडू नयेत म्हणून पलंगाला पट्टा बांधतात. आज नर्स म्हणाली, "अक्का, सार तो पट्टा सोडवायला बघतात." मी जवळ जाऊन पाहिलं. सोडवत नव्हते. पट्ट्याखाली दोन बोटं घालून तो ओढून बघत होते, ताण पुरेसा आहे का ते.

बोलणं गेलं, ओळख गेली. ती दोन बोटं अजून चालतात.