शैलाची गाडी आणि रमणभाईची मिशी

जुनी गाडी पूर्ण खोलून परत जोडली की डब्यात दोन-चार नट-बोल्ट उरतातच. ते कुठले, हे कुणालाच सांगता येत नाही. आमचा रमणभाई मिस्त्री ठामपणे सांगायचा, "ते जास्तीचेच दिलेले असतात!" आशागडच्या आमच्या घरामागे पत्र्याची शेड आहे, तिथले किस्से असेच उरलेले. गाडी जोडून झाली आणि डब्यात हे राहिले.

२०१७ ची दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. त्या दिवशी सकाळपासून विशेष असं काहीच नव्हतं. रमणभाई गाडीखाली आडवा होता. मी टॉर्च धरून उभा होतो, ते माझं नेमून दिलेलं काम. शैला दरवाजांची रबरं आणायला वापीला गेली होती. ती निघताना मी येताना फरसाण आण म्हणालो होतो. दुपारी फोन वाजला. पलीकडे रबरवाला दुकानदार होता. "बेननी पाणी मागितलं, स्टुलावर बसल्या..." एवढं मराठीत बोलून तो थांबला. पुढचं त्याने गुजरातीत सांगितलं. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

हे आधीच सांगून टाकलं, म्हणजे पुढे हसताना कुणी अडखळायला नको. शैला माझी बायको. गाडी तिची. आणि यातले निम्मे किस्से पहिल्यांदा तिनेच सगळ्यांना सांगितलेत, तेही माझी नक्कल करत!

*

गाडी तिच्या वडिलांची होती. पुढे नाकाड आलेली, पुढचे दरवाजे उलटे उघडणारी, जुन्या लोकांत 'डुक्कर' म्हणूनच ओळखली जाणारी. वडिलांनी ती आमच्या शेजारच्या चिकूवाडीवाल्या रुस्तमकाकांच्या घरून घेतलेली. त्यामुळे गाडी विकून पन्नासेक वर्षं झाली तरी तिच्यावर मत देण्याचा हक्क आपण विकलेला नाही, असं रुस्तमकाका मानत. रोज संध्याकाळी शेडमध्ये खुर्ची टाकून बसत आणि मला ओरडत, "ए रायटर, टॉर्च सीधी पकड नी! इंजिन त्या बाजूला नाय, या बाजूला हाय!"

मी लेखक. गाडीतलं मला काही कळत नाही आणि चालवताही येत नव्हती. बँकेतून रिटायरमेंट घेतल्यावर शैलाने ही गाडी काढली, आणि लहानपणी वडिलांबरोबर पाहिलेली प्रत्येक तार तिच्या लक्षात होती. तिचं एकच म्हणणं होतं. गाडी तयार झाली की पहिल्यांदा चैत्राच्या यात्रेत विवळवेढ्याला महालक्ष्मीपुढे न्यायची. आणि नेताना स्टिअरिंगवर घरचंच माणूस हवं. तिच्या वडिलांनीही तशीच नेली होती.

*

एकदा मी दुपारी डहाणू रोडहून उपाशी घरी आलो. स्वयंपाकघरात चिंचेचा झकास वास! गॅसवर मोठ्या पातेल्यात काहीतरी रटरटत होतं. मी ओळखलं, सार. वाटी घेतली, पळीने वाढून घेतलं, फुंकर घातली.

दारातून शैलाचा आवाज आला. घाई अजिबात नाही. "अहो, ते पिऊ नका. कार्बोरेटर उकळतोय."

पितळ चिंचेने साफ होतं, हे मला तेव्हा आठवलं. मी वाटी खाली ठेवली. म्हटलं, बायकोला निदान काळजी तरी आहे.

"मण्याएवढे पितळी जेट आहेत त्यात," ती म्हणाली. "एक जरी गिळलात तर गाडी सुरू व्हायची नाही!"

*

गाडीचा मूळ रंग डॅशबोर्डच्या आत एका कोपऱ्यात सापडला. फिकट हिरवा, कोवळ्या केळीच्या पानासारखा. बाबू पेंटर म्हणाला, "कॉम्प्युटरवर मॅचिंग नको ताई, मी डोळ्याने करतो."

बाबू डोळ्याने करायला लागला. पहिलं मिश्रण त्याला पटलं नाही. पिवळा जास्त झाला म्हणे. रंग वाया कशाला घालवायचा म्हणून त्याने आमचं गेट रंगवलं. दुसऱ्यात पांढरा जास्त. पाण्याच्या मोटारीच्या खोलीचा दरवाजा रंगवला. तिसऱ्यात रुस्तमकाकांचा बाक, चौथ्यात पिठाच्या गिरणीची खिडकी, मग कुणाची हातगाडी, कुणाची सायकल, आणखी तिघांची गेटं. गेट रंगवल्यापासून आमच्याकडे येणाऱ्यांना आम्ही 'हिरव्या गेटचं घर' असा पत्ता द्यायचो. आता लोक चौथ्या घरात शिरून पाणी पिऊन येऊ लागले. गाडी मात्र शेडमध्ये प्रायमर लावून करड्या अंगाने उभी!

शेवटी एक दिवस शैला कमरेवर हात ठेवून त्याच्यासमोर उभी राहिली.

"बाबू, गाव संपलं. आता गाडी रंगव!"

*

रमणभाई तलासरीचा. अंगाने किरकोळ, पण मिशी अशी की माणूस नंतर दिसायचा. त्याला गंजाचा मनस्वी राग. जुना बोल्ट दिसला की तो काढायचा, घासायचा, नाही जमलं तर नवा घालायचा, ग्रीस लावायचा आणि मगच चहा प्यायचा. शैला थट्टेने म्हणाली, "रमणभाई, एखादा तरी राहिला असेल."

रमणभाई उठून उभाच राहिला. "बेन, या गाडीत एक जरी गंजलेला बोल्ट निघाला ना, तर ही मिशी उतरवीन!"

रुस्तमकाका खुर्चीतून म्हणाले, "उतरव, पण खाली चेहरा हाय की नाय ते पहिला तपास."

त्याच दिवशी पुढची सीट बसवली. शैला उंचीने लहान, तिचा पाय क्लचपर्यंत नीट पोचेना. रमणभाईने तिला सीटवर बसवलं, सीट पुढे सरकवत नेली, अगदी स्टिअरिंगला खेटून. सीटखालच्या पट्टीला नवीन भोकं पाडली आणि बोल्ट कसले.

मी विचारलं, "आणि मला कधी चालवायची झाली तर?"

"तुम्ही मागे बसायचं," शैला म्हणाली. "टॉर्च घेऊन!"

*

शैला गेल्यावर शेड बंद होती. तिचे दिवसकार्य झाले आणि दुसऱ्या सकाळी वापीचा दुकानदार स्वतः आला. हातात रबरांचं भेंडोळं आणि फरसाणाची पिशवी. ते तिने आधीच घेऊन त्याच्या दुकानात ठेवलं होतं. तो म्हणाला, "बेननी तीनदा तपासून घेतली रबरं. मी बोललो, आता बस करा."

त्याला बसवायला म्हणून मी शेड उघडली. थोड्या वेळाने रमणभाई आला. कुणी बोलावलं नव्हतं. मग रुस्तमकाका आले, त्यांच्यामागून बाबू. फरसाण कागदावर ओतून सगळ्यांनी उभ्याउभ्याच संपवलं. रमणभाईने हात धुतले आणि पहिल्या दरवाजाला रबर लावून पाहिलं.

बसलं! एका फटक्यात, कोपऱ्यासकट. अख्ख्या कामात पहिल्याच खेपेला बसलेला हा एकमेव पार्ट. रमणभाईने त्याच्याकडे संशयाने बघितलं.

"पहिल्यांदाच बसलं," तो म्हणाला. "म्हणजे कायतरी चुकलंय."

आणि त्याने ते काढून पुन्हा लावलं. पुन्हा तसंच बसलं.

*

त्यानंतर काही दिवस रमणभाईचं चित्त ठिकाणावर नव्हतं, आणि नेमकं त्याच दिवसांत त्याने वायरिंग केलं. टेस्टिंगला रुस्तमकाका आत बसले, मी मागे उभा राहिलो.

"ब्रेक!" रमणभाई ओरडला. काकांनी ब्रेक दाबला. हॉर्न वाजला.

"हॉर्न!" काकांनी हॉर्न दाबला. डॅशबोर्डचा दिवा लागला.

"आता डावा इंडिकेटर दे, डिकरा," काका लहान पोराला सांगावं तसं स्वतःलाच म्हणाले आणि बटण सरकवलं. वायपर फिरायला लागला.

रमणभाईने मिशीवरून हात फिरवला. "सगळं चालतंय ना? मग झालं! कशाने काय चालतं तेवढं फक्त ध्यानात ठेवायचं."

पुढे त्याने एकेक करून सगळं नीट केलं. तो वायपर तेवढा राहून गेला.

*

गाडी तयार होत आली तसा प्रश्न आला. स्टिअरिंगवर कोण? रमणभाई म्हणाला मी नेतो. बाबू म्हणाला मी नेतो. रुस्तमकाका मोतीबिंदूचे दोन्ही डोळे घेऊन म्हणाले, मीच नेणार. सगळे माझ्याकडे बघायला लागले. घरचं माणूस म्हणजे आता मी एकटाच होतो.

म्हणालो, "शिकतो."

कुणी हसलं नाही, याचं मला जरा वाईट वाटलं.

डहाणू रोडच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये पांढऱ्या केसांचा मी एकटाच. लायसन्स मिळालं, पण आमच्या गाडीचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर, तो तिथे शिकवत नाहीत. तो रुस्तमकाकांनी आपल्या वाडीत शिकवला. "गिअरशी हात मिळव, रायटर! कुस्ती काय करतोस?" मी सीटवर दुमडून बसलेला, गुडघे स्टिअरिंगच्या दोन बाजूंना वर आलेले. त्यात तिसऱ्याऐवजी पहिला पडला, गाडीने उडी घेतली आणि चिकूंनी भरलेल्या क्रेटांच्या थप्पीत घुसली.

चिकू निवडणाऱ्या बाया पदर तोंडाला लावून हसत बाजूला पळाल्या. मी मान खाली घालून बसून राहिलो. रुस्तमकाकांनी शांतपणे काचेवरचा गर बोटाने पुसला, चाखला.

"काय वाईट नाय झालं," ते म्हणाले. "उद्यापासून ज्यूसचा धंदा चालू करू."

*

यात्रेचे दिवस आले. सकाळी बाबूने बंपरला हार बांधला, चाकांखाली लिंबं ठेवली. मी स्टिअरिंगवर बसलो. शेजारी रमणभाई, मागे रुस्तमकाका आणि बाबू. माझी टॉर्च बाबूच्या मांडीवर, कारण काकांचं म्हणणं पडलं की ती घरी ठेवणं बरं दिसत नाही.

चारोटी नाक्यापर्यंत मी एकदाही बंद पडलो नाही. गाडीबद्दल म्हणत नाही, माझ्याबद्दल म्हणतोय. लोक बघत होते, मुलं हात करत होती. रुस्तमकाका डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना हात हलवून सलाम घेत होते, जणू गाडी अजून त्यांचीच.

नाक्यावर यात्रेची ही गर्दी. मला डावीकडे वळायचं होतं. मी सवयीने इंडिकेटर दिला आणि भर उन्हात वायपर फिरायला लागला. हवालदाराने लगेच शिट्टी मारली, गाडी बाजूला घ्यायला लावली.

तो खिडकीशी आला. आधी हार बघितला, मग रंग बघितला, चकचकीत बंपर बघितला. त्याच्या तोंडावर हसू आलं. मग त्याने आत वाकून माझ्याकडे बघितलं. माझे गुडघे जवळजवळ छातीला टेकलेले.

"काका, हे काय? अशी चालवता येते का गाडी? सीट मागे घ्या ना!"

मी स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून ठेवलं. मागे बाबू टॉर्चचं बटण चालू-बंद करू लागला. प्रत्येक गोष्टीवर मत असलेले रुस्तमकाका दुसऱ्या बाजूला बघायला लागले.

"अहो, दोन बोल्टचं तर काम आहे," हवालदार म्हणाला. "पाना आहे का? आत्ता करून देतो."

रमणभाईच्या खिशात पाना होता. त्याचं टोक बाहेर दिसत होतं. त्याने त्यावर हात ठेवला.

"नाय होणार, सायेब," तो म्हणाला. "बोल्ट गंजलाय."

हवालदार पुन्हा एकदा गाडीकडे बघून आला. पुढून, मागून. "बाकी गाडी तर कोरी करकरीत दिसते!"

"हां सायेब," रमणभाई समोर बघत म्हणाला. "तेवढा एकच राहिला."

हवालदाराने क्षणभर आम्हा चौघांकडे बघितलं आणि हात दाखवून वाट मोकळी करून दिली. मी गाडी पहिल्यात घातली. विवळवेढ्याला देवीपुढे नारळ फोडला, गाडीला कुंकू लावलं, प्रसाद खाल्ला, दुपारी घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी रमणभाई वायपर नीट करायला आला. त्याला मिशी नव्हती. रुस्तमकाकांनी बघितलं, खुर्ची जरा सरकवून त्याला बसायला जागा केली.

वायपर झाला. सीट मागे घ्यायची अजून राहिली आहे.