पंचांच्या घरचा लेफ्ट बॅक

माझे भाऊजी केस कापतात, पण गल्लीत त्यांना सगळे पंच म्हणतात. हंगामातला शेवटचा सामना झाला की पुढच्या रविवारी ते आपल्या सलूनमध्ये आमच्या फुटबॉल क्लबचे तीन सर्वोत्तम खेळाडू जाहीर करतात. क्लबही बक्षिसं देतो, पण ती अध्यक्षांच्या मर्जीतल्यांना. त्यामुळे खेळाडूंना अप्रूप पंचांच्या निवडीचंच. इथे वशिला चालत नाही. एकदा तर दाढी अर्धी झालेली असताना त्यांनी कॅप्टनला तोंडावर सांगितलं, "यंदा तू नुसत्या पाट्या टाकल्यास." वस्तरा गळ्यावर होता, म्हणून तोही गप्प बसला.

पंचाईत अशी की त्यांचा एकुलता एक मुलगा त्याच क्लबचा लेफ्ट बॅक. इतक्या हंगामांत एकदाही त्याचं नाव आलं नाही. आधी माझीही तक्रार नव्हती, कारण भाचा असला तरी खेळ बेताचाच होता. यंदा मात्र क्लब खालच्या गटात घसरला आणि त्या पडझडीत तो एकटा जीव तोडून खेळला. घोट्याला पट्टी बांधून खेळला. गोलकीपर फसला की गोलरेषेवरून चेंडू काढायला हाच हजर. एरवी शिव्यांशिवाय तोंड न उघडणारी आमच्या स्टँडमधली मंडळीही त्याच्यासाठी टाळ्या वाजवू लागली.

हंगाम संपल्यावर क्लबने राहायचं की जायचं ते त्याच्यावरच सोडलं. दूरच्या शहरात त्याच्या मेव्हण्याने गोदामात नोकरी बघून ठेवली होती. तो आईला म्हणाला, "बाबांनी एकदा माझं नाव घेतलं तर राहीन. नाहीतर कुणासाठी पाय मोडून घ्यायचे?" ताईने हे भाऊजींच्या कानावर घातलं. रविवारी सकाळी तर ती दार अडवून उभी राहिली.

"अहो, लोकांचं मी बघते. तुम्ही त्याचं नाव घ्या."

"बघू," म्हणून भाऊजी बाहेर पडले.

सलूनमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. भाचा मागच्या बाकावर माझ्या शेजारी बसला होता. भाऊजींनी पहिलं नाव गोलकीपरचं घेतलं, दुसरं मधल्या फळीतल्या एका जुन्या खेळाडूचं. मग घसा खाकरला आणि तिसरं नाव त्या नव्या स्ट्रायकरचं घेतलं, ज्याने हंगामभर रिकाम्या गोलसमोर चेंडू आभाळात मारले होते. कुणी टाळी वाजवली नाही.

"पंच, काहीतरीच काय!" पेपरवाला म्हणाला. "आणि लेफ्ट बॅक?"

"झालं सांगून," भाऊजी म्हणाले आणि फडकं झटकायला लागले. माझं तर टाळकंच सरकलं.

माणसं कुरकुरत निघून गेली. भाचा उठला आणि मुकाट्याने खुर्चीत जाऊन बसला. भाऊजींनी त्याच्या गळ्याभोवती कापड बांधलं, कात्री चालू केली.

"बाबा, यंदा मी कसा खेळलो?"

भाऊजींचा हात थांबला. "सगळ्यांत चांगला."

"मग मघाशी का नाही म्हणालात?"

"अरे, बापानेच पोराला निवडलं असं झालं असतं. माझ्या शब्दाला काय किंमत राहिली असती? तुझ्या नावालाही बट्टाच लागला असता."

"लोकांनी मला कधीच निवडलं होतं, बाबा. एकटे तुम्हीच राहिला होतात."

अर्धे केस कापायचे राहिले होते. त्याने स्वतःच कापड सोडलं, घडी करून खुर्चीवर ठेवलं आणि गेला. भाऊजींनी त्याला हाकही मारली नाही. माणूस इतका सरळ असावा की पोटच्या पोरावरच अन्याय करावा, याला मी तरी न्याय म्हणत नाही.

आठवड्याभरात तो बायको-मुलीला घेऊन गेला. आता गोदामात माल उतरवतो. फुटबॉलचं नाव काढलेलं त्याला खपत नाही, असं ताई सांगते. भाऊजी अजून सामन्यांना जातात. नवा लेफ्ट बॅक चुकला की सगळा स्टँड ओरडतो, भाऊजी मात्र मान खाली घालून बसतात.

परवा सामना संपल्यावर म्हणाले, "मी चुकलो रे."

"हे मला काय सांगता? त्याला फोन करा."

"केला होता. हेच सांगितलं."

"मग?"

"'बरं' म्हणाला. 'आईला द्या' म्हणाला."